आक्का, तुमच्या बाकाशेजारून सायकली जातात

आक्का,

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं. ते काम तुमच्या वॉकिंग ग्रुपनं शोकसभेत उरकून टाकलंय. वाघमोडे मास्तरांनी माईक हातात घेतला आणि तुम्हाला ‘मनमिळाऊ’ म्हणाले. मी पुढच्याच खुर्चीत होते. मला इतकं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला. मागच्या बाईला वाटलं, भावजय हुंदके देतेय. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला. फुकटचं कशाला सोडा.

मनमिळाऊ म्हणे! भाजीवाला तुमच्या दारापुढून गाडा नेताना आरोळी द्यायचा बंद व्हायचा. सुनेनं केलेली भाकरी तुम्ही खिडकीच्या उजेडात धरून बघायचात, जशी काय नोट खरी की खोटी. माझ्या लग्नात मला पहिल्यांदा नीट बघितलंत तेव्हा भर मांडवात म्हणालात, “रंगानं बरी हाय, पण चालतीया बदकावानी.” ते खरं होतं, हा भाग वेगळा.

तर मनमिळाऊपणा त्यांनी उरकला, उरलेलं मी बोलते. तुम्ही जाऊन अजून महिनाही झाला नाही, तोवरच बोललेलं बरं. पुढं मग मलाही तुमच्यात चांगलं काहीबाही दिसायला लागेल. आपलं भांडण तुम्ही गल्लीभर, उद्यानभर, महापालिकेच्या जिन्यातसुद्धा आपल्याच बाजूनं सांगत हिंडलात. आता एकदा माझ्या बाजूनं ऐका. मध्येच तोडायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

भांडण एका वाटेचं. गावाच्या कडेच्या त्या उद्यानाचा निम्मा भाग सपाट आहे. मुरमाची गोल वाट, बाकडी, कडुलिंबाची सावली. तो तुमच्या ग्रुपचा. उरलेला निम्मा म्हणजे जुनी दगडाची खाण. चढ, उतार, बाभळी, खडी. तिथं सापाशिवाय कुणी जात नव्हतं. माझ्या नातीनं, श्रावणीनं आणि तिच्याबरोबरच्या पोरापोरींनी त्या खाणीतून सायकलींसाठी वाट काढली. जाड चाकांच्या, डोंगरात चालवायच्या त्या सायकली. उद्यानाच्या साहेबांनी तोंडी ‘करा’ म्हटलं होतं. पोरांनी सुट्टीचे दिवस घालवून दगड काढले, पाणी निघून जायला चर खणला, वळणाला माती चढवली. एक झाड तोडलं नाही. उलट बाभळींनीच त्यांना ओरबाडलं. ती वाट तुमच्या चालायच्या वाटेला एकाच ठिकाणी आडवी जाते, कडुलिंबाजवळ. आपलं सगळं महाभारत त्या चार पावलांत झालं.

श्रावणीला राज्याच्या स्पर्धेत उतरायचंय. त्याला चढ लागतो. सोलापुरात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. नाहीतर मग हायवे, आणि हायवेला हंगामात उसाच्या ट्रॉल्या जोडीजोडीनं डोलत जातात. ड्रायव्हर गाण्यात आणि मागची ट्रॉली आपल्याच नादात. मी तुम्हाला म्हटलं होतं, “आक्का, उद्यानात पोरगी पडली तर गुडघा फुटंल. तिकडं पडली तर पोत्यात भरून आणावी लागंल.” तुम्ही काय म्हणालात? “मग सायकल सोडून शिवण शिक म्हणावं.” तुमच्या सख्ख्या भावाची नात ती. समोर उभी होती.

मग तुमचं मनगट. ती उतारावरून आली, तुम्ही मध्ये होतात, तिनं ब्रेक दाबला, सायकल तुमच्यापासून हातभर लांब थांबली, आणि तुम्ही उभ्या उभ्या कलंडलात. पोरगी रडायला लागली. तुम्ही मुरमात बसून मनगट धरून ओरडत होतात, “घातली माझ्या अंगावर!”

“आक्काआज्जी, सायकल लागली न्हाय ओ तुमाला!”

“सायकल न्हाय लागली. वारा लागला की!”

वारा लागला! मग पोलिसात तक्रार वाऱ्यावर करायची का, असं मी तिथंच विचारलं. त्यावर तुम्ही प्लास्टर निघेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. प्लास्टरवर ग्रुपच्या सगळ्यांनी सह्या केल्या, लवकर बरे व्हा म्हणून. तुम्ही दुपारी घोरत असताना मी पण बॉलपेननं एक बारीकशी सायकल काढून आले. पुढं ऐन उन्हाळ्यात तुम्ही शाल पांघरून हिंडायचात, आणि ग्रुपला वाटायचं बाईंना थंडी वाजते.

त्यानंतर तुम्ही हास्यक्लब आणून त्या चार पावलांवर उभा केलात. पोरं सायकली घेऊन आली की सगळे म्हातारे हात वर करून हा हा हा, हो हो हो. वाट अडवणारी माणसं मी पुष्कळ बघितली, हसून अडवणारी पहिलीच. तुम्ही मात्र त्यात कधी हसला नाहीत. मधोमध उभ्या राहून तोंड वासायचं आणि हात वर. पोलिसांनी धरल्यासारखं.

त्यावर मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचा डबा घेऊन पलीकडच्या फाटकापाशी सतरंजी टाकली आणि श्रावणीच्या मैत्रिणीला सांगितलं, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस हाय म्हणून ओरड. कुणाच्या, ते कुणीही विचारलं नाही. तुमची फौज उपाशीपोटी हसून दमलेली. हो हो हो अर्ध्यात सोडून गेली. तुम्ही एकट्या उरलात, हात वर करून. श्रावणी तुम्हाला वळसा घालून सायकल हातात धरून गेली आणि जाता जाता म्हणाली, “आज्जी, हात खाली घ्या की, दुखतील.” त्याचा तुम्हाला सायकलीपेक्षा जास्त राग आला. दया सोसायची तुम्हाला सवय नव्हती. द्यायचीही नव्हती.

लोकांना एक गोष्ट कधी कळली नाही. उद्यानात एकमेकींच्या विरोधात अर्ज देणाऱ्या आपण दोघी यायचो-जायचो मात्र एकाच रिक्षात. फाटकात उतरलं की तुम्ही डावीकडं, मी उजवीकडं. परत निघताना रफीकभाई आरशात बघून विचारायचा, “आज कोन जीत्या, अम्मा?” तुम्ही म्हणायचात, “तू पुढं बघून चालव.”

आणि मला त्या उद्यानात पहिल्यांदा आणलं कुणी? तुम्हीच. तुमचा भाऊ गेला तेव्हा गल्लीतल्या बायका मला धरून रडत होत्या, आणि मी पण रडून रडून त्यांची हौस भागवत होते. तुमचा तर पाठचा भाऊ. तुमच्या डोळ्यांत टिपूस नाही. सुतक फिटल्याच्या दुसऱ्या दिवशी रिक्षा दारात उभी केलीत आणि आत येऊन म्हणालात, “रडायचं असंल तर चालत रड. बसून रडलं की गुडघं धरत्यात.” बायकांनी तोंडात बोटं घातली. मी चप्पल घातली. त्या वर्षी तुम्ही मला घराबाहेर काढलं नसतंत, तर मी त्या कॉटवरच वाळून गेले असते. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ग्रुपमध्ये सांगत सुटला असता.

त्या रिक्षातच तुम्ही एकदा मुद्द्याचं बोललात. साहेबांपुढं बोलला असतात तर मी तिथंच हरले असते. “सुमे,” म्हणालात, “रस्त्यावर गाड्या. घरात ओली फरशी, पोरांची खेळणी. म्हाताऱ्या माणसानं खाली न बघता चालावं अशी एवढीच जागा हाय बघ गावात. हितं मी मान वर करून चालते. ती पण दिऊ व्हय तुज्या पोरांना?”

उत्तर नसलं की मी विषय बदलते. म्हटलं, “आक्का, तुमच्या पायात दोन रंगांचे मोजे हायत.” तुम्ही खाली बघितलंत. मोजे एकाच रंगाचे होते. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

मान वर करून जायची ऐट तुमची जुनीच. मोहोळच्या बाजूच्या खेड्यांतून तुम्ही नर्सबाई म्हणून सायकलवर हिंडायचात, कॅरियरला लसींची पेटी बांधून. बायका उंबऱ्यावर येऊन बघायच्या, पुरुष पारावरून नको तिकडं बघायचे, आणि तुम्ही घंटी न वाजवता सायकल सरळ त्यांच्या अंगावर घालायचात. होय, अंगावर. पार मोकळा व्हायचा. तेव्हा किती जणांना वारा लागला असेल, त्याची चौकशी कुणी केली नाही.

तुमच्या माहेरच्या घरात मी नवी नवरी म्हणून आले. काय ध्यान होतं ते! केसांना बोटभर तेल आणि आत थेंबभर अक्कल नाही. सासूबाई ‘पाणी’ म्हणाल्या की ही हंडा घेऊन आडावर. त्यांना प्यायला हवं होतं हे हिला परत आल्यावर कळायचं. नवरा समोर आला की दाराआड, आणि दाराआडून बांगड्या वाजवायची, म्हणजे लपलोय कुठं ते त्याला कळावं. त्या बयेला तुमची सायकल बघून शिकायची हौस आली. एका संध्याकाळी तुम्ही तिला मळ्यामागच्या माळावर नेलंत. हिनं पदर खोचला तो चेनच्या बाजूला. हँडल असं धरलं जसं मारक्या म्हशीचं शिंग. तुम्ही सीट धरून मागं पळताय आणि शिव्या देताय, “पुढं बघ गं भवाने! चाकाकडं काय बघतीस, चाक कुटं पळून जात न्हाय!”

बाभळीपाशी तुम्ही सीटवरचा हात काढलात. मला कळलंच नाही. मी आपली तुमच्याशी बोलत बोलत चाललेय, आणि तुम्ही मागं राहिलेल्या. बाभळीपासून थेट विहिरीपर्यंत मी एकटी गेले. विहिरीला कठडा नव्हता, आणि सायकलीला ब्रेक असतो ही बातमी त्या शहाणीपर्यंत पोचलेली नव्हती. तुम्ही मागून अशी किंचाळी मारलीत की दचकून माझं हँडल वळलं आणि मी बोरीच्या काट्यांत जाऊन पडले. पुढं काटे कुठून कुठून निघाले ते तुमच्या भावाला ठाऊक.

पण मी त्या काट्यांत बसून हसत होते. हात न लावता गेले की मी! परत येताना ती गाढवी मनातल्या मनात मोहोळच्या बाजारात सायकलवरून उतरत होती, सगळा बाजार बघतोय. आणि घरी पोचल्यावर तुम्ही सासूबाईंना एवढंच म्हणालात, “हिला न्हाय जमायचं. परत हात लावू देऊ नगा.” सायकलीला कुलूप लागलं. किल्ली तुमच्या कमरेला.

मी एकटी गेले होते, आणि ते बघणारं माणूस जगात एकच होतं. त्याच माणसानं सांगितलं, जमायचं नाही.

गाढवी काय बोलली? “बरं आक्का.” आणि भांडी घासायला बसली. राग परातीवर काढला. परातीला पोचा आला, तेवढंच तिचं बंड. आज ती समोर आली तर एक कानाखाली वाजवून म्हणेन, विचार की गं मेले, का म्हणून विचार! तिनं विचारलं नाही. मग मी पण विचारलं नाही. अख्खा जन्म एका गल्लीत गेला, रोज एका रिक्षात मांडीला मांडी लावून बसलो. जगातला सगळा कचरा बोलून झाला, हेवढं राहिलं.

दवाखान्यात विचारायचं ठरवूनच आले होते. तुमच्या छातीत कफ भरला होता, श्वास घेताना कढईत काही तळल्यासारखा आवाज यायचा. शोकसभेत मास्तर म्हणाले, त्या मनगटाच्या दुखण्यातून बाई उठल्याच नाहीत. मनगटातून न्यूमोनिया होतो हे शास्त्र मास्तरांच्या नावावर जमा करा. तुमचा दिलीप खाली चहाला गेला होता. लेक जवळ नाही, नर्स लांब, मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही मास्क बाजूला केलात.

“चटणीत मीठ कमी हुतं.”

“कंच्या चटणीत?”

“वाढदिवसाच्या. मास्तरांनी आणून दिली हुती मला, नंतर.”

म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. आणि खाल्ली पण होतीत.

मग म्हणालात, “सुमे, मी मेले की लगीच वाट उघडशील तू.”

“उघडीन की. दहावं व्हायची पण वाट न्हाय बघायची.”

“सरळ तोंडावर सांगतीस.”

“मग काय पाठीमागं सांगू?”

“आडवी येईन मी.”

“या की. हसत या म्हंजी झालं.”

तुम्ही हसलात. हास्यक्लबात इतके दिवस हात वर करून जे निघालं नव्हतं ते निघालं, आणि त्याच्या मागोमाग खोकला. नर्सनं मला बाहेर काढलं. सकाळी तुम्ही गेलात. माणसानं मरताना तरी विषयाला धरून बोलावं! मी उभा जन्म एका प्रश्नावर बसलेय आणि तुम्ही मीठ सांगून गेलात.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. ऊन असं की दगडाचा तवा झालेला. कावळा येईना. एक आला तो लांब पिंपळावर बसला आणि मान वाकडी करून एकेकाकडं बघत राहिला. अगदी भाकरी उजेडात धरल्यासारखा. एवढं मी मान्य करते. दिलीपनं हात जोडले, “आई, धाकट्याचं लगीन नीट करतो.” कावळा ढिम्म. सून म्हणाली, “सासूबाई, तुमची तुळस मी वाळू देणार न्हाय.” ढिम्म. मग वाघमोडे मास्तर पुढं झाले, टोपी सारखी केली आणि कावळ्याला निवेदन दिल्यासारखं म्हणाले, “बाई, उद्यानात एकही सायकल येऊ देणार नाही, हा ग्रुपचा शब्द आहे.” कावळ्यानं पंख झाडले. सगळे म्हणाले, आला आला! तो उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. मागून कुणीतरी बोललंच, “जीव भावजयीत अडकलाय. तिनंच सांगावं.” दिलीपला साखरेचा त्रास. सकाळपासून पोटात काही नाही. “मामी, म्हण की. ‘वाट सोडली’ एवढंच म्हण. नुस्तं तोंडानं. मग कर काय करायचं ते.”

नुस्तं तोंडानं! जसं काय तोंड आपण शेजारणीकडून मागून आणलेलं असतं. मास्तर मोबाईल धरून तयार होते; माझा शब्द संध्याकाळच्या आत साहेबांच्या टेबलावर गेला असता. श्रावणी बायकांच्या मागं उभी होती. तिनं मला मानेनं खूण केली, म्हण आज्जी, जाऊ दे. आपल्या हातांनी दगड काढलेली वाट पोरगी सोडायला निघाली होती, म्हातारीला कुणी बोलू नये म्हणून. ते बघून मला तिचा राग आला. ‘बरं आक्का’ म्हणणारं आणखी एक ध्यान आमच्या घरात नको होतं.

मी पिंडापुढं जाऊन बसले. म्हणाले, “आक्का, तुमाला सांगितलंय ते सांगितलंय. त्यात बदल न्हाय. ऊन लई हाय, पोरं उपाशी हायती. आता खाऊन घ्या.”

कावळा उडाला आणि घाटाच्या पलीकडं दिसेनासा झाला.

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. जन्मभर खरं-खोटं पारखत बसलेल्या बाईला शेवटी गवताचा कावळा शिवला. माझ्यामुळं. दिलीप घाटावरून माझ्याकडं न बघता निघाला. घरी पानं वाढली त्यात माझं पान कुणी मांडलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन हातानं वाढून घेतलं आणि उभ्यानं जेवले. लोकांना वाटलं, काय दगड बाई आहे. तुम्हाला सांगते, तिथं न जेवता निघाले असते तर ते जिंकले असते. हे मी तुमच्याकडूनच शिकले.

तेराव्यानंतर मास्तरांनी आपली चाल केली. तुमच्या स्मरणार्थ सिमेंटचं बाक, आणि जागा बरोबर सायकलवाटेच्या तोंडावर, आडवी. जिवंतपणी हात वर करून उभ्या होतात, आता सिमेंटमध्ये बसायचं. मास्तरांचं डोकं तल्लख आहे, वापरतात वाईट ठिकाणी. साहेब म्हणाले, घरच्यांची हरकत नसेल तर ठेवा. घरचे म्हणजे दिलीप.

मी त्याच्याकडं गेले. ‘ये’ म्हटलं नाही तरी आत जाऊन बसले. भिंतीवर तुमचा फोटो, हसताना. कुणी कधी काढला कुणास ठाऊक, दुसऱ्याच बाईचा वाटतो.

“मामी, आईसाठी एक शब्द बोलली न्हाईस तू.”

“बोलले असते तर तुझी आई उठून बसली असती, खोटं बोलती म्हणून.”

तो म्हणाला, “शेवटी काय म्हणली ती तुला? मी खाली गेल्तो.”

“चटणीत मीठ कमी म्हणली.”

तो हसला नाही आणि रडला पण नाही. तुमच्यावरच गेलाय. मी उठले, तरी ‘बस’ म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपोतून बाक उतरवत होते. साहेब, मास्तर, तुमचा ग्रुप, आणि लांब बाभळीखाली सायकली धरून पोरं. दिलीप आला आणि तुमच्याच आवाजात बोलला. “आडवं नगं. कडंला ठेवा, वाटंकडं तोंड करून. पर एक अट हाय. सायकली चालू असतील तवर मामीनं या बाकावर बसायचं. सायकल आली की उतरवायची, म्हातारं माणूस पुढं गेलं की मगच सोडायची. आई करायची ते मामीनं करायचं. मामी यायची बंद झाली की वाट बंद.”

“हे चालेल,” मास्तर लगेच म्हणाले. त्यांनी माझ्या केसांकडं बघितलं, मग गुडघ्यांकडं. मनात हिशेब केला. मला दिसला तो हिशेब. आणि आक्का, हिशेब चुकीचा नव्हता. माझं हे असं: बदकाची चाल, चाळणी झालेले गुडघे. त्यावर आता पोरांची वाट उभी आहे. मी गेले की ती पण गेली. तुमच्या लेकानं फाशी दिली नाही, जन्मठेप दिली. आणि जन्म उरलाय केवढा, ते त्यालाही दिसतंय.

मी ‘बरं’ म्हणाले. पण या वेळी परातीवर राग काढायला घरी गेले नाही. म्हटलं, साहेब, माझी पण एक अट आहे. त्या चार पावलांच्या अलीकडं आडवे बांबू रोवून द्या, एक पुढं एक मागं, म्हणजे सायकलवाल्याला उतरूनच जावं लागेल. साहेबांनी दिले.

पहिल्या दिवशी रफीकभाईनं फाटकात सोडलं. तो आता कोण जिंकलं ते विचारत नाही. मी डावीकडं वळले, तुमच्या बाजूला. पाय आपोआप उजवीकडं जात होते, त्यांना दोनदा वळवलं. बाकाच्या पाठीवर तुमचं नाव काळ्या रंगात. मी ऐटीत पाठ टेकून बसले. रंग ओला होता. घरी गेल्यावर सुनेनं सांगितलं, तुमचं नाव माझ्या पाठीवर उलटं उमटलंय. ब्लाउज वाया गेला. जाता जाताही एक नुकसान केलंतच.

वरच्या वळणावरून श्रावणी सुटली. मला ठाऊक होतं बांबू आहेत. ती ब्रेक दाबणार हेही ठाऊक होतं. पण खाणीच्या उतारावरून ती सरळ माझ्याकडं येत होती आणि तिच्या सीटवर मागून कुणाचा हात नव्हता, तेवढंच मला दिसायला लागलं. मी उठून उभी राहिले आणि किंचाळले, “उतर! उतर आधी खाली!”

आक्का, तो आवाज माझा नव्हता. तो मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, बोरीच्या काट्यांत पडायच्या आधी.

पोरगी बांबूच्या पलीकडं थांबली, माझ्यापासून चांगली लांब. पाय टेकला. “काय झालं आज्जी? लागली व्हय तुला सायकल?”

“सायकल न्हाय लागली,” मी म्हणाले. “वारा लागला की.”

ती खळाळून हसली. मी खाली बसले. मग ती सायकल हातात धरून, बांबूंतून वाकडीतिकडी करत, माझ्या पुढून चालत गेली. मास्तर पलीकडून काठी टेकत येत होते. मी तिला हात करून थांबवलं, ते पुढं गेले, मान वर करून, आणि मग मी तिला सोडलं.

तर कळलं मला. त्या संध्याकाळी मला बाजार दिसत होता आणि तुम्हाला विहीर दिसत होती. आता विचारायचं काही उरलं नाही. पण म्हणून तुम्हाला सोडलं असं समजू नका. पिंडापुढं सोडलं नाही, ते बाकावर बसून कुठलं सोडते? मी बांबू मागून घेतले आणि वाट चालू ठेवली. तुम्हालाही जमलं असतं. विहिरीला कठडा बांधायचा होता, आक्का. सायकलीला कुलूप कशाला घातलंत?